घाटावर दिलेला शब्द

१

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर डोंबिवलीत कुणाच्या घरची बेल वाजवणं म्हणजे त्या घराशी कायमचं वाकडं घेणं. मसालेभात झाला, वर वाटीभर मठ्ठा झाला, की अख्खी इमारत पंख्याखाली आडवी होते. कोपरकडच्या त्या बिनलिफ्टच्या इमारतीत मात्र त्या वेळी दोन बाप्ये टक्क जागे असायचे. तिसऱ्या मजल्यावर श्रीपाद लेले, आणि बरोब्बर त्याच्या खाली दुसऱ्या मजल्यावर विनीत. आपापल्या टीव्हीपुढे, एकमेकांशी बोलायला कानाला हेडफोन लावून, चाळिशीला टेकलेले हे दोन घोडे मुडदे मारत बसायचे.

खेळ ऑनलाइन. एक ओसाड गाव, त्यातली सगळी माणसं मेलेली आणि मेलेली असूनही चालणारी. आपण जोडीनं त्यांच्यातून वाट काढत एका तळघरापर्यंत पोचायचं, आत शिरायचं आणि लोखंडी दार ओढून घ्यायचं. वाटेत एक जण पडला तर दुसऱ्यानं त्याच्याजवळ बसून बटण दाबून धरायचं, म्हणजे पडलेला उठतो. नाही उचललं तर तो मागे राहतो आणि त्याचं पुढे काय होतं ते सांगायला नको. श्रीपादचा गडी पिवळ्या रेनकोटातला. तो नेहमी सगळ्यात शेवटी आत शिरायचा. “दार माझं,” असं तो म्हणायचा, आणि ते ऐकून त्याच्या बायकोला, कादंबरीला हसू यायचं. कारण घरचं दार बंद करायला याला तीन हाका माराव्या लागायच्या.

ती शेजारी बसून मटार सोलायची आणि मधूनमधून, “अरे, मागं बघ, मागं,” असं बजावायची. सासूबाई मंदाकिनीबाई आतल्या खोलीतून म्हणायच्या, “दारू पीत नाही, पत्ते कुटत नाही. मुडदे मारतो, मारू दे.”

दोन्ही घरांचा एवढा घरोबा, की जास्तीच्या किल्ल्याही एकमेकांकडे. लेल्यांच्या घराची किल्ली विनीतकडे दारामागच्या हुकाला टांगलेली असायची. विनीतची बायको ऐश्वर्या दुधाची पिशवी ठेवायला, कुंडीला पाणी घालायला तीच किल्ली घेऊन बिनधास्त वर यायची. शेजार असावा तर असा, असं सगळे म्हणायचे.

२

ज्या रविवारी श्रीपाद गेला त्या दिवशी कादंबरी ठाण्याला, कोलशेतला आईकडे गेली होती. मंदाकिनीबाई लेकीकडे बदलापूरला. संध्याकाळी माणकोलीच्या नव्या पुलावरून रिक्षा डोंबिवलीत उतरली तेव्हा कादंबरी मजेत होती. आईनं डब्यात सांज्याच्या पोळ्या दिल्या होत्या, आणि त्या श्रीला फार आवडायच्या.

दार उघडलं तर घरात अंधार, फक्त टीव्ही चालू. श्रीपाद खुर्चीत बसलेला, कानावर हेडफोन. तिनं दिवा लावला, डबा टेबलावर ठेवला, दोन वाक्यं बोलली आणि मग जवळ गेली. पुढचं सांगण्यात अर्थ नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. दुपारीच कधीतरी.

विनीत धावत वर आला. रडला, धावपळ केली, सगळ्या नातेवाइकांना फोन त्यानंच केले. आणि कुणी न विचारता म्हणाला, “वहिनी, तो खेळ सुरू झाल्या झाल्याच बाहेर पडला ओ. मला वाटलं, झोपला असेल.”

कादंबरीनं मान हलवली. पण टीव्ही तिनं बंद केला होता, आणि बंद करताना पडदा पाहिला होता. वर विनीतचं नाव, त्यापुढे ‘पोचला’. खाली श्रीपादचं नाव, त्यापुढे ‘मागे राहिला’. मटार सोलत सोलत तिनं तो खेळ इतके रविवार बघितला होता, की जो मधूनच बाहेर पडतो त्याचं नाव शेवटी येत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. श्री शेवटपर्यंत होता. विनीत एक मजला खाली होता, दारामागे किल्ली होती, आणि हा माणूस डोळ्यांत पाणी आणून धडधडीत खोटं बोलत होता.

तिच्या पोटात तेव्हा जे पेटलं ते दुःख नव्हतं. दुःख नंतर सावकाश आलं.

३

दहाव्याला मोठागावच्या खाडीकाठी पिंड ठेवला. बायका घाटावर येत नाहीत, असं सासूबाई एकदा म्हणाल्या, पण सुनेचा चेहरा बघून पुन्हा म्हणाल्या नाहीत.

कावळे होते, चांगले चार-पाच होते. कठड्यावर बसून पिंडाकडे बघायचे, मान वाकडी करायचे आणि जागचे हलायचे नाहीत. ऊन चढलं. मग सुरू झालं, जे सगळ्याच घाटांवर होतं. गेलेल्याच्या मनात काय राहिलंय ते ओळखायचं आणि त्याला शब्द द्यायचा. मोठा भाऊ सुधीर म्हणाला, “आईला मी बघेन रे.” मंदाकिनीबाई सुनेचा हात धरून म्हणाल्या, “हिला अंतर देणार नाही, बाळा.” विनीत हात जोडून पुढे झाला. “श्री, वहिनींची काळजी करू नकोस, मी खालीच आहे,” असं म्हणून त्यानं नाक ओढलं. कावळे ढिम्म. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला.

विनीतचं ते ‘मी खालीच आहे’ कादंबरीच्या डोक्यात गेलं. ती पिंडापाशी आली आणि ओठातल्या ओठात म्हणाली, “ज्यानं तुला टाकलं त्याला मी सोडणार नाही.”

ती मागे सरकायच्या आत कावळा खाली उतरला. एकच. त्यानं पिंडात चोच घातली ती बाहेर काढेचना. गुरुजी म्हणाले, “शिवला. कुठली इच्छा होती कुणास ठाऊक, पण मोकळा झाला.” सगळ्यांना हायसं वाटलं. कादंबरीला जे वाटलं तो आनंद होता, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

४

सोडणार नाही म्हणजे काय करणार, हे तिलाही माहीत नव्हतं. पोलिसात काय सांगणार, पडद्यावर ‘पोचला’ लिहिलं होतं म्हणून? चारचौघांत विचारलं तर तो पुन्हा रडणार आणि लोक तिलाच समजवायला येणार. तिला त्याच्या तोंडून हवं होतं. त्या दुपारी श्री काय म्हणाला, आणि हा काय करत होता. ते ऐकल्याशिवाय तिला घास गोड लागणार नव्हता.

महिना उलटल्यावर एका रविवारी, सासूबाई झोपल्यावर तिनं टीव्ही लावला. हेडफोन तिनं केव्हाच फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला होता, त्यामुळे बोलायचा प्रश्न नव्हता. श्रीचंच खातं उघडलं. पिवळा रेनकोट उभा राहिला. खाली दुसऱ्या मजल्यावर काहीतरी जमिनीवर पडल्याचा आवाज झाला आणि तिला बरं वाटलं.

विनीत खेळायला आला. यावंच लागलं असणार त्याला. तिला धड चालताही येत नव्हतं, पण तिला पोचायचं कुठं होतं? तिला पडायचं होतं. खेळातल्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर तिनं गडी मुद्दाम मुडद्यांच्या तावडीत दिला. विनीतचा गडी लांबून धावत आला, शेजारी बसला, बटण दाबून धरलं. रेनकोट उठला. पुढच्या वळणावर तिनं पुन्हा पाडला. त्यानं पुन्हा उचलला. असं तळघरापर्यंत. दारापाशी पोचल्यावर तिनं टीव्ही बंद केला आणि छानपैकी चहा ठेवला.

प्रत्येक रविवारी हेच. विनीत जिन्यात भेटला की, “कसं काय, वहिनी?” एवढंच विचारायचा आणि नजर चुकवायचा. गालफडं बसली होती. ती म्हणायची, “छान आहे. तुम्ही रविवारी अजून खेळता का हो?” आणि उत्तराची वाट न बघता वर यायची.

एकदा गडी पायऱ्यांवर पाडून ती दुधाखालचा गॅस बंद करायला गेली. परत आली तर रेनकोट पायऱ्यांवर नव्हता. तो तळघराच्या दारात उभा होता, आत, कडीवर हात ठेवून, आणि विनीतचा गडी बाहेर अंगणात त्याच्याकडे बघत थांबला होता. दोघंही हलत नव्हते. कंट्रोलर सोफ्यावर तिनं ठेवला तसाच पडलेला.

तिनं स्वतःला समजावलं. कंट्रोलरची दांडी ढिली झालीये, आपोआप सरकते, असं श्रीच म्हणायचा. दुकानात न्यायचा होता, राहून गेलं. ढिली दांडी माणसाला पुढे नेईल. पण वळणं घेऊन, फाटक उघडून, पायऱ्या उतरून नेईल का, हा विचार तिनं चहाच्या कपाबरोबर खाली ठेवला. खरं सांगायचं तर तिला तेव्हा भीती वाटली नाही. आपल्या बाजूनं कुणीतरी आहे, असं वाटलं.

५

श्रावणात ऐश्वर्या पुरणाची दिंडं घेऊन वर आली आणि डबा हातात देता देता रडायलाच लागली. “वहिनी, ह्यांना विचारा ना काय झालंय. रविवार आला की जेवत नाहीत. खेळताना कुणाशी तरी बोलतात. ‘हो, आलो, आलो’ करतात आणि उठत मात्र नाहीत. पोरगी घाबरते हो.”

ऐश्वर्या गुणी बाई. हिचा काय दोष, हे कादंबरीला कळत होतं. तरी तिनं कोरडेपणानं विचारलं, “त्यांचंच त्यांना काही खात असेल तर?”

त्याच संध्याकाळी विनीत आला. सासूबाई देवळात गेल्या होत्या. तो सोफ्यावर न बसता दारापाशीच उभा राहिला आणि खिशातून किल्ली काढली. “ही घ्या. माझ्याकडे नको.”

“का?”

“त्यानं सांगितलेलं, वहिनी.” किल्ली त्यानं तिच्या हातात ठेवली. “छातीत दुखतंय म्हणाला. किल्ली घेऊन वर ये म्हणाला. आम्ही शेवटच्या टप्प्यावर होतो, दार समोर दिसत होतं. मी म्हणालो, दार लागू दे, मग येतो. तो परत परत तेच बोलायला लागला, तर मी... मी त्याचा आवाज बंद केला. मला वाटलं, ॲसिडिटी असेल. नंतर वर यायलाच विसरलो. चहा प्यायलो आणि झोपलो.”

झालं. हेच तर हवं होतं तिला. इतके महिने तिनं ठरवलं होतं, की ऐकलं की कानाखाली वाजवायची, खाली जाऊन अख्ख्या इमारतीला ऐकवायचं. आणि समोर हा माणूस, मानेच्या शिरा वर आलेल्या, शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर. राग गेला नव्हता. पण हात उचलावासा वाटेना. तिला एकदम फार दमल्यासारखं झालं.

“विनीत, मीच खेळत होते,” ती म्हणाली. “श्रीच्या नावानं. तुम्हाला छळायला. आता नाही खेळणार. झालं ते झालं.”

त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं तिला वाटलं होतं. ती दिसली नाही. “तुम्ही होता?” तो म्हणाला. “मग तो बोलतो कसा?”

“माझ्याकडे हेडफोन नाहीये. मी कधी बोललेच नाही.”

“दर वेळी बोलतो. किल्ली घेऊन वर ये. एवढंच.”

हे शब्द तिला आता, पाच मिनिटांपूर्वी कळले होते. भीतीनं कुणाचं डोकं कसं चालेल सांगता येत नाही, मनाचे खेळ असतात, असं ती त्याला म्हणाली आणि जरा जास्तच ठामपणे म्हणाली. मग किल्ली त्याच्या हातात परत ठेवून तिनं त्याची मूठ मिटली. “राहू दे तुमच्याकडेच. उद्या मला काही झालं तर कोण येणार आहे?”

क्षमा करण्याची तिची ती पद्धत. त्या वेळी तिला ती चांगली वाटली.

६

तिनं खेळाचं यंत्र काढलं, वायरी गुंडाळल्या, खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. रविवारी जेवून आडवी झाली. सासूबाई घोरत होत्या. अंगाखालच्या फरशीतून विनीतच्या टीव्हीचा आवाज येत होता. मुडद्यांचं गुरगुरणं, धावणारी पावलं. एका माणसाची नव्हे, दोघांची.

खेळत असेल कुणा अनोळख्याबरोबर. जगात लाखो माणसं खेळतात. ती असं स्वतःला सांगत उठली, दार नुसतं लोटून खाली गेली. ऐश्वर्यानं दार उघडलं आणि आतल्या खोलीकडे बोट केलं.

पडद्यावर विनीतच्या पुढे पिवळा रेनकोट धावत होता. मध्येच थांबून मागे वळून बघायचा, हा येतोय ना, म्हणून. श्री असाच थांबायचा.

“वहिनी, आज त्याला आत नेतो,” विनीत मान न वळवता म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि एक हात सारखा छाती चोळत होता.

तळघर आलं. अंगणात विनीतचा गडी पडला. रेनकोट दारापाशी पोचला होता. तो वळला. पडलेल्याकडे बघत तो नुसता उभा राहिला. “उचल ना रे,” विनीत कळवळून म्हणाला. “श्री, उचल ना.”

टीव्हीचं बटण कादंबरीच्या हाताशी होतं. तिचं बोट त्यावर होतं. दाबलं की संपलं. पण तिच्या मनात आलं, कळू दे जरा. पडून हाका मारताना कसं वाटतं, ते कळू दे यालाही. फार नाही, दोन मिनिटं. आणि ती थांबली. दारात उभी असलेली ऐश्वर्या आधी नवऱ्याकडे आणि मग कादंबरीच्या त्या बोटाकडे बघत होती.

लोखंडी दार लागल्याचा आवाज आला तेव्हा कादंबरीनं बटण दाबलं. पडदा काळा झाला.

विनीत मात्र कुणाचं तरी ऐकत असल्यासारखा मान हलवत राहिला. मग हेडफोन काढून उठला, दारामागच्या हुकावरची किल्ली घेतली आणि अनवाणी जिना चढायला लागला. दोघी मागोमाग धावल्या. तो लेल्यांच्या दारातून आत गेला, दार लागलं आणि आतून कडी सरकली.

कादंबरीनं दारावर थापा मारल्या. आत सासूबाई होत्या, पण त्या कानातलं ऐकायचं यंत्र काढून झोपायच्या. तिनं दाराला कान लावला.

“आलो रे,” आत विनीत म्हणत होता. “किल्ली आणलीये. आता तरी... श्री, छातीत फार दुखतंय रे. ऐश्वर्याला हाक मार.”

मग दुसरा आवाज आला. हळू, समजुतीचा, रोज सकाळी तिला चहा झाला का विचारणारा.

“दार लागू दे,” तो म्हणाला. “मग येतो.”

“श्री, पुरे,” कादंबरी दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाली. “मी शब्द मागे घेते. ऐकतोयस ना? मी मागे घेते.” तिनं ते किती वेळा म्हटलं कुणास ठाऊक. आतून उत्तर आलं नाही, आणि काही वेळानं विनीतचा आवाजही यायचा थांबला.

शेजाऱ्यांनी दार फोडलं. विनीत श्रीच्या खुर्चीत बसला होता. समोर टीव्ही बंद. कानावर हेडफोन होता, आणि तो त्याचा नव्हता, कारण त्याचा खाली पलंगावर पडला होता. माळ्याचं दार उघडं होतं आणि हेडफोन गुंडाळलेलं फडकं घडी घालून टेबलावर ठेवलं होतं. श्री फडकी घडी घालूनच ठेवायचा. डॉक्टर म्हणाले, हृदय.

७

विनीतच्या दहाव्याला तोच घाट, तेच गुरुजी. कादंबरी एका कडेला उभी होती. तिला यायचं नव्हतं, पण ऐश्वर्यानंच निरोप पाठवला होता, वहिनी, तुम्ही हव्या.

कावळे कठड्यावर बसून राहिले. विनीतच्या भावानं पोरीच्या शिक्षणाचा शब्द दिला. ऐश्वर्याच्या वडिलांनी लेकीला सांभाळायचा दिला. कुणी आईचं नाव घेतलं, कुणी गावच्या घराचं. पिंड उन्हात वाळायला लागला. गुरुजींनी दर्भाकडे हात नेला.

तेव्हा ऐश्वर्या उठली. डोक्यावरचा पदर सारखा करत पिंडापाशी गेली. तिनं पिंडाकडे पाहिलंच नाही. ती वळली, गर्दीतून कादंबरीला शोधलं, तिच्या चेहऱ्याकडे नाही, उजव्या हाताच्या बोटाकडे पाहिलं, आणि तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते कुणालाच ऐकू आलं नाही. कादंबरीला ऐकण्याची गरज नव्हती.

ओठ मिटायच्या आत कावळा खाली उतरला.

“शिवला,” गुरुजी म्हणाले. “चला, आंघोळी करून घ्या.”

परतताना रिक्षात ऐश्वर्या तिच्याच शेजारी बसली. डोळे कोरडे, आवाज नेहमीसारखा मऊ. इमारत आली तशी ती उतरली, कादंबरीला हात देऊन उतरवलं आणि हात सोडला नाही.

“वहिनी, नव्या कुलपाची एक किल्ली आमच्याकडे देऊन ठेवा हं,” ती म्हणाली. “सासूबाई झोपल्या की दुपारच्या तुम्ही एकट्याच असता. मी खालीच आहे.”